पहिली फीत लागलेल्या पोराला

सैन्यात शिपायाच्या वरची पहिली पायरी चढलास, लान्स नाईक झालास, मनापासून अभिनंदन. काल ज्यांच्याबरोबर बराकीत थट्टामस्करी केलीस, त्यांनाच आता हुकूम द्यायचेत. नुसता आवाज चढवून ते जमत नाही.

सेक्शन म्हणजे लहानशी तुकडी, तिच्यात जेमतेम दहा जण असतात. प्रत्येकाची रायफल, पाण्याची बाटली, पायांचे फोड स्वतः बघ. सगळ्यांची ताटं वाढून झाली की मग तू जेव.

काम देताना काय करायचं आणि कशासाठी, एवढं सांग. कसं, ते जवानाला ठरवू दे. गस्तीच्या रात्रीच्या सरावात नकाशा आणि कंपास सगळ्यात नव्या पोराच्या हातात दे. तो वाट चुकेल, वेळ जाईल, जाऊ दे. लगेच टोकू नकोस. पुढच्या थांब्यावर एवढंच विचार, "आपण आत्ता कुठे आहोत? बोट ठेवून दाखव." (हत्यार आणि दारूगोळ्याच्या बाबतीत मात्र ही सूट अजिबात नाही. तिथे जागेवरच थांबव.)

१० जुलै १९४४ ला इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर मशीनगनचा जवळून मारा झाला. ते सोडून बाकी सगळे ठार किंवा जखमी. मागून कुणी येईल याची वाट न बघता ते एकटेच गनवर धावून गेले आणि ती बंद पाडली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार, मिळाला.

तू पडलास तर सेक्शन कोण घेणार, तो पडला तर कोण? हे शेवटच्या जवानापर्यंत माहीत हवं. हवालदारांशी आजच बोलून घे.