पाच पितळी वाद्यांपुढे एकटं अकॉर्डियन ऐकू येतं का?

तुमचा प्रश्न असा, की ब्रास क्विंटेट आणि अकॉर्डियनच्या मैफलीत पाश्चात्त्य अभिजात रचना आणि लोकधुना वाजणार आहेत, तर दोन ट्रंपेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा यांच्या गजरात अकॉर्डियन दबून जाणार नाही का? नाही जाणार. मी ट्रंपेट वाजवतो आणि ही जोडी मला मनापासून आवडते.

दोन्हीकडे सगळा कारभार हवेचा आहे. आमचे ओठ थरथरतात, तिथे भात्याच्या हवेने धातूच्या पट्ट्या थरथरतात, हार्मोनियमसारख्याच. म्हणून दोघांनाही सूर धरून ठेवता येतो, फुलवता येतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. अकॉर्डियनवाल्याचा डावा हात बघत राहा. भात्याची दिशा तो जिथे पालटतो, तिथेच बहुतेक वेळा ट्रंपेटवालाही श्वास घेतो. हे जुळलं की सहा जण एका दमात गातायत असं वाटतं.

सूर जुळवण्याची जबाबदारी मात्र आमची. अकॉर्डियनच्या पट्ट्या घासून सूर आधीच पक्का केलेला असतो, मंचावर तो हलवता येत नाही. उलट पितळ तापलं की आमचा सूर चढतो. मग दोन रचनांच्या मध्ये वादक सूर उतरवायला ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे वाद्याची सरकती नळी, केसभर बाहेर ओढताना दिसतील.

कार्यक्रमपत्रिकेत जर्मन संगीतकार बाखच्या नावावरची डी मायनरमधली टोकाटा (बोटांची चपळाई दाखवणारी रचना) आणि फ्यूग (एकच धुन वेगवेगळ्या आवाजांनी पाठोपाठ उचलायची रचना) असेल, तर ती चुकवू नका. मूळ रचना चर्चमधल्या पाइप ऑर्गनची, म्हणजे तीही हवेवर चालणाऱ्या वाद्याची. पायाने वाजवायचे खर्जाचे सूर ट्यूबाकडे आणि धावत्या ताना अकॉर्डियनकडे दिल्या की कोणता आवाज कुठून येतोय ते लख्ख कळतं. ऑर्गनवर हे इतकं सुटं ऐकू येत नाही. चेक संगीतकार द्वोर्झाकची 1878 ची स्लाव्हॉनिक नृत्यंही आधी एका पियानोवर चार हातांसाठी लिहिलेली होती, त्यामुळे त्यांची मांडणी बदलली म्हणून नाक मुरडायचं काही कारण नाही.

लोकधुनांच्या वेळी अकॉर्डियनवाला बहुधा कोणत्या पट्ट्या वाजायच्या ते ठरवणारा स्विच बदलेल. एकाच सुराच्या दोन पट्ट्या मुद्दाम किंचित वेगळ्या लावलेल्या असतात, त्या एकत्र वाजल्या की सूर लहरतो. नाचाच्या धुनेला तो फार शोभतो. ब्रासच्या संथ, लांब सुरांवर मात्र तोच आवाज गढूळ वाटतो, म्हणून तिथे जाणता वादक दोनपैकी एकच पट्टी वाजवतो.

जागा निवडता येत असेल तर अगदी पुढे बसू नका. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनचा आवाज सरळ समोर येतो, हॉर्नचा मागे वळतो, ट्यूबाचा वर जातो. मधल्या रांगांपर्यंत येईतो हे सगळे एकमेकांत मिसळतात आणि अकॉर्डियनही स्पष्ट ऐकू येतं.