वर्डप्रेस फुकट आहे म्हणतात, तर स्वतःची वेबसाइट फुकटात काढता येते का? मराठी नीट चालतं का?

वर्डप्रेस हे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर, ते फुकट; वेबसाइट फुकट नाही, कारण तिचा पत्ता (डोमेन) आणि ती ठेवायची जागा (होस्टिंग) विकत घ्यावी लागते. मराठी नीट चालतं. खरं तर इथेच थांबले असते, पण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिलंय की "ओळखीतला एक मुलगा सगळं सेट करून देतो म्हणतोय, त्याला देऊ की स्वतः करू", आणि तिथे माझं डोकं फिरलं. त्यामुळे हे लांबणार.

स्वतः करा.

आमचे बाबा कृषी खात्यातून रिटायर झाले, दापोलीला असतात आणि झाडांवर लिहितात. रातांबा, सुरंगी, हिरडा, परसातला फणस का धरत नाही, असलं सगळं. 2016 च्या आसपास मी म्हटलं वेबसाइट काढू, मी शिकते आणि करते. मी बँकेत आहे, आयटीतली नाही, पण वाचून समजण्याइतपत अक्कल आहे. दादा म्हणाला, तुझ्याच्यानं व्हायचं नाही, आणि फुकटच्या गोष्टींना वाली नसतो, पैसे देऊन माणूस लावू. लावला. कुणाच्या तरी ओळखीतलाच. साइट दिसायला छान झाली, बाबा खुश, दादा तर विचारूच नका.

त्या मुलाने डोमेन घेतलं ते स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या नावावर. होस्टिंग त्याच्याच अकाउंटमध्ये, इतर गिऱ्हाइकांच्या साइटींबरोबर. बाबांना लॉगिन दिलं ते एडिटरचं, अ‍ॅडमिनचं नाही. म्हणजे बाबा लेख टाकू शकत होते, पण बॅकअपसाठी एक्सपोर्ट करायचं, म्हणजे सगळे लेख एका फाइलीत उतरवून घ्यायचे, तर ते बटणच दिसत नाही, कारण वर्डप्रेसमध्ये एक्सपोर्ट फक्त अ‍ॅडमिनला. घर बांधलं आपण, सातबारा दुसऱ्याचा. मी तेव्हाच म्हटलं होतं पासवर्ड मागून घे, तर दादा म्हणाला उगाच संशय कशाला, चांगला मुलगा आहे.

चांगलाच होता हो. नोकरी लागली, बाहेरगावी गेला, नंबर बदलला. रिन्युअलच्या मेल त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या असणार. डोमेन संपलं की लगेच जात नाही, डॉटकॉमचं असेल तर आधी डोमेन विकणारी कंपनी थोडे दिवस मुदत देते, मग 30 दिवस जास्तीचे पैसे भरून सोडवता येतं, मग 5 दिवसांनी ते बाजारात मोकळं. पण हे सगळं ज्याच्या नावावर आहे त्यानेच करायचं. आम्हाला कळलं ते गुहागरच्या आत्येभावाच्या फोनवरून, "मामांनी काय रमीचा धंदा काढलाय काय?" उघडून बघते तर बाबांच्या नावाच्या पत्त्यावर कुठल्यातरी परक्या भाषेत ऑनलाइन जुगार. बाबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

दादाने खटपट करून त्या मुलाला गाठला (एवढं श्रेय देते), त्याने डेटाबेसची, म्हणजे सगळे लेख साठवलेल्या कोठाराची, एक फाइल मेल केली आणि सुटला. आता ते जमवायचं काम अर्थातच ज्या बाईच्यानं होणार नव्हतं तिच्याकडे आलं.

इथे तुमच्या मराठीच्या प्रश्नाचं उत्तर आहे म्हणून नीट वाचा. फाइल उघडली तर मराठीचं एक अक्षर नाही, ओळीच्या ओळी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याच्यापुढे कसलीतरी चिन्हं. त्या पठ्ठ्याने वर्डप्रेसच्या सेटिंगच्या (कॉन्फिग) फाइलीत कॅरेक्टर सेटचा, म्हणजे अक्षरं कुठल्या तक्त्याप्रमाणे साठवायची त्याचा, रकाना रिकामा ठेवला होता, त्यामुळे डेटाबेस मराठीला लॅटिन (इंग्रजीसारख्या भाषांची अक्षरं) समजून साठवत बसला. साइटवर दिसताना बरोबर दिसायचं, कारण उलटसुलट दोन चुका एकमेकींना खात होत्या, हलवल्यावर उघडं पडलं. अशी कचरा अक्षरं दिसली तर घाबरू नका, परत आणता येतं. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र गेलं, ते कुणी आणून देत नाही.

मी ते फाइली उघडून बदलायच्या एका सॉफ्टवेअरमधून उलटं फिरवलं आणि मराठी आलं, मी खुर्चीतून उठून नाचले, आणि मग वाचायला घेतलं तर झ नाही. सगळीकडून झ गायब. झाडांवर लिहिणाऱ्या माणसाच्या लेखांतून झ! ए आणि ऐ पण नाहीत, ऱ्हस्व उकार नाही, आणि पायमोडका नाही म्हणजे सगळी जोडाक्षरं सुटी पडलेली. विंडोजच्या त्या जुन्या लॅटिन तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत आणि नेमकी ही मराठी अक्षरं त्या पाच जागांवर येतात, म्हणून माझ्या त्या सॉफ्टवेअरने ती वाटेत टाकून दिली. जाणकार म्हणतील डेटाबेस चालवणाऱ्या मायएसक्यूएलमधूनच लॅटिन म्हणून डंप (पूर्ण नक्कल) काढला असता तर गळली नसती. हो, पण मूळ डेटाबेस हातात कुठे होता? काही लेख इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर (तिथे जुन्या वेबपानांच्या नकला जपलेल्या असतात) धडधाकट सापडले, ते तिथून कॉपी केले. उरलेल्यांत बाबांनी चष्मा लावून एकेक झ परत बसवला. आणि बसवता बसवता तीन-चार लेख नव्याने लिहून काढले, ते आधीपेक्षा बरे झालेत असं माझं मत.

आता दादाचं ते "फुकटच्या गोष्टींना वाली नसतो". वर्डप्रेस 2003 मध्ये आलं ते कसं? बी-टू नावाचं एक सॉफ्टवेअर होतं, त्याचा मूळ लेखक दिसेनासा झाला. पण कोड जीपीएल लायसन्सखाली, म्हणजे कुणीही घ्या, बदला, वाटा अशा परवान्यावर, खुला होता, म्हणून मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तो उचलला आणि पुढे चालवला. कुणाची परवानगी मागावी लागली नाही. फुकटवाल्याचा माणूस गायब झाला तरी काम चालू राहिलं, आमचा पैसे दिलेला माणूस गायब झाला तर रमी सुरू झाली. हे मी गणपतीत सगळ्यांसमोर बोलून दाखवलंय, तरी परत लिहिते.

तर तुम्ही काय करायचं. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या रोजच्या ईमेलवर, स्वतःच्या कार्डाने. एका वेळी 10 वर्षांपर्यंतचं घेता येतं, मी बाबांचं नवीन तसंच घेतलंय. होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे घेतलं तर उत्तम, एकीशी भांडण झालं तर दुसरीकडे हलता येतं. पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, रिन्युअलचा भाव बघा. वर्डप्रेस टाकणं हा तर दहा मिनिटांचा खेळ आहे, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बटण असतं. युजरनेम अ‍ॅडमिन ठेवू नका. विकतची थीम (साइटचा तयार पेहराव) फुकट मिळतेय म्हणून कुठूनतरी उतरवू नका, त्यात घाण असते. वर्डप्रेसबरोबर येणारी थीम घ्या, मुक्ता हा देवनागरी फॉन्ट लावा, अक्षर जरा मोठं ठेवा, झालं.

पर्मालिंक, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा पत्ता, मात्र इंग्रजी अक्षरांत हाताने लिहा. लेखाचं मराठी शीर्षक पत्त्यात जातं तेव्हा एकेका अक्षराची, काना-मात्रेसकट, नऊ-नऊ अक्षरं होतात आणि डेटाबेसमध्ये जागा 200 ची, म्हणजे बावीस अक्षरांत पत्ता तुटतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची माळ दिसते, लोक व्हायरस समजून उघडत नाहीत.

आणि वर्डप्रेसच्या टूल्स मेनूमधलं एक्सपोर्ट महिन्यातून एकदा. त्यात फक्त मजकूर येतो, फोटो येत नाहीत, नुसते त्यांचे पत्ते येतात. फोटोंसाठी अपलोड्सचं फोल्डर वेगळं उतरवायचं.

हां, हे आधी सांगायला हवं होतं, चार कविता टाकून विसरणार असाल तर यातलं काहीच करू नका. वर्डप्रेस डॉट कॉमवर फुकट खातं काढा, त्यांचं नाव पत्त्यात राहील, जाहिराती दिसतील, पण अपडेट, सुरक्षा, सगळं ते बघतात. गूगलचं ब्लॉगरही चालेल. स्वतःच्या होस्टिंगवर टाकलं की अपडेट तुम्हालाच करावे लागतात, प्लगिन (वर्डप्रेसला वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर) जुनी ठेवली की कुणीतरी घुसतं. आणि तो तुमच्या ओळखीतला मुलगा कदाचित खरंच चांगला असेल, त्याला शेजारी बसवून शिकून घ्या, चहा पाजा, पैसे पण द्या, पण टाइप तुम्ही करा.

दादा अजून म्हणतो, फेसबुकवर टाकलं असतं तर ही भानगडच झाली नसती. बाबांनी सुरंगीवर फेसबुकवरही एक मोठं लिहिलं होतं, त्याला म्हटलं शोधून दाखव. अजून शोधतोय.