खोलीचे भाडे आणि बिलातली कपात

प्रश्न : माझ्या सासूबाईंवर ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. पाच लाखांची कॅशलेस पॉलिसी असूनही २,०१,००० रुपयांच्या बिलापैकी कंपनीने १,३५,००० रुपयेच मंजूर केले आणि ६६,००० रुपये आम्हाला भरावे लागले. विमा रक्कम शिल्लक असताना एवढी कपात कशी होते?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : आपण पाठवलेले बिल आणि मंजुरीपत्र शेजारी ठेवून वाचले, तेव्हा कपातीचे मूळ शस्त्रक्रियेत नसून खोलीत असल्याचे दिसले. आपल्या पॉलिसीत खोलीभाड्याला दररोज विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ५,००० रुपयांची मर्यादा आहे आणि सासूबाईंची खोली ८,००० रुपयांची होती. चार दिवसांचे जादा भाडे १२,००० रुपये. तेवढेच पदरचे जातील, असा आपला समज झाला असणार. मात्र अनेक रुग्णालयांत खोलीचा वर्ग चढला की सर्जनचे शुल्क, भूल, ऑपरेशन थिएटर आणि डॉक्टरांच्या भेटी यांचेही दर चढतात, म्हणून कंपनी हा सारा खर्चही मर्यादा आणि प्रत्यक्ष भाडे यांच्या प्रमाणात, म्हणजे आठ रुपयांमागे पाच, एवढाच मंजूर करते. आपल्या बिलात तो १,२०,००० रुपये होता, त्यापैकी ७५,००० मंजूर झाले आणि ४५,००० आपल्यावर आले. उरलेले ९,००० हातमोजे, तपशील न दिलेले ‘किट’ अशा वस्तूंचे आहेत, ज्यांचे पैसे सर्वसाधारण पॉलिसीत मिळत नाहीत.

तरीही ही कपात निमूटपणे मान्य करू नये. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार औषधे, तपासण्या आणि इम्प्लांट (शरीरात बसवलेली उपकरणे) यांवर, तसेच आयसीयूच्या शुल्कावर अशी प्रमाणबद्ध कपात करता येत नाही; आपल्या औषध-तपासण्यांचे ४०,००० रुपये कंपनीने पूर्ण दिले, ते योग्यच झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जे रुग्णालय खोलीच्या वर्गानुसार वेगळे दर लावत नाही, तिथे ही कपात मुळीच लागू होत नाही. म्हणून रुग्णालयाकडून त्यांचे दरपत्रक मागून घ्या. सर्जनचे शुल्क जनरल वॉर्डात आणि स्वतंत्र खोलीत सारखेच असेल, तर तसे लेखी घेऊन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातील तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

बिलातील ‘फाइल चार्जेस’ ही नोंदही मला खटकली. फाइल उघडण्याचा व कागदपत्रांचा खर्च खोलीभाड्यातच धरायचा असतो, त्यामुळे रुग्णालयाला त्याबद्दल अवश्य विचारा.

रात्री अकराला दाखल करताना काउंटरवरचा माणूस ‘जनरल की सेमी-प्रायव्हेट?’ एवढेच विचारतो आणि पुढे केलेल्या कागदावर आपण सही करतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. त्या कागदावर बहुधा ‘विमा कंपनीने न दिलेली रक्कम मी भरेन’ असे लिहिलेले असते. टीपीए डेस्कवर, म्हणजे रुग्णालयात विम्याचे दावे पाहणाऱ्या खिडकीवर, त्या क्षणी विचारण्याचा प्रश्न एकच : ‘आमच्या पॉलिसीच्या मर्यादेत बसणारी खोली कोणती?’

प्रश्न : कॅशलेस दाव्यानंतर घरी आल्यावर झालेल्या तपासण्यांचे पैसे मिळतात का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : बहुतेक पॉलिसींत मिळतात, परंतु ते आपोआप येत नाहीत; त्यासाठी प्रतिपूर्तीचा, म्हणजे आधी स्वतः केलेला खर्च परत मागण्याचा, वेगळा दावा करावा लागतो. दिवसांची मुदत पॉलिसीत पाहावी. प्रत्येक पावतीसोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि डिस्चार्ज समरीची प्रत जोडा, कारण चिठ्ठीशिवायची पॅथॉलॉजीची पावती हमखास परत येते.