मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार नेमका कुठपर्यंत चालतो?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुण्याच्या माणसाला जमिनीचा किंवा पैशांचा दावा आधी तेथील दिवाणी न्यायालयात लावावा लागतो, मग मुंबईचा माणूस मोठ्या रकमेचा दावा थेट उच्च न्यायालयात कसा दाखल करतो, ही पहिली. आणि गोवा हे स्वतंत्र राज्य असताना त्याचे उच्च न्यायालय मुंबईचे कसे, ही दुसरी. मी याच न्यायालयाच्या अपील शाखेत वकिली करतो आणि पक्षकारांकडून हे दोन्ही प्रश्न नेहमी ऐकतो. कायद्याची कलमे सांगून उत्तर चार ओळींत देता येईल, पण त्याने समाधान होणार नाही. या न्यायालयाच्या अधिकाराची जवळजवळ प्रत्येक सीमा एखाद्या जुन्या संघर्षातून किंवा एखाद्या प्रदेशाच्या विलीनीकरणातून ठरली आहे आणि तो इतिहास कळल्याशिवाय आजची व्यवस्था मनमानी वाटत राहते.

पहिल्या प्रश्नाचे मूळ १८६२ च्याही आधीचे आहे. त्या काळी मुंबई इलाख्यात न्यायदानाच्या दोन वेगळ्या उतरंडी होत्या. मुंबई बेटावर इंग्लंडच्या राजाच्या सनदेने स्थापन झालेले न्यायालय होते: १७९८ पासून रेकॉर्डरचे कोर्ट आणि १८२४ पासून त्याच्या जागी आलेले सुप्रीम कोर्ट. त्याचे न्यायाधीश इंग्लंडहून येत, तेथे इंग्रजी कायद्याची पद्धत चाले आणि ते न्यायालय स्वतःला कंपनी सरकारच्या अधीन मानत नसे. बेटाबाहेर, म्हणजे ठाणे, पुणे, सुरत, धारवाड अशा मुलखात कंपनीची स्वतःची न्यायालये होती आणि त्यांच्या शिरोभागी सदर अदालत होती.

या दोन सत्तांची गाठ पडली ती पुण्यातील एका मुलावरून. मोरो रघुनाथ नावाचा हा अल्पवयीन मुलगा पांडुरंग रामचंद्र या मानकरी सरदाराच्या ताब्यात होता. त्याला मुंबईच्या न्यायालयापुढे हजर करावे, असा बंदी प्रत्यक्षीकरणाचा (ताब्यातील माणसाला न्यायालयापुढे आणण्याचा) आदेश सुप्रीम कोर्टाने १८२८ मध्ये काढला. पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षे झाली होती आणि दक्षिणेतील सरदारांना कंपनीने काही मानमरातब राखून ठेवण्याचे अभिवचन दिले होते, त्यामुळे मुंबईतील राजाच्या न्यायालयाने पुण्यातील सरदाराच्या वाड्यात हात घालणे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना धोक्याचे वाटले. त्यांनी या आदेशाची अंमलबजावणी होऊ द्यायची नाही असे ठरवले. त्याच वर्षी मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट आणि दुसरे न्यायाधीश सर चार्ल्स चेंबर्स यांचे पाठोपाठ निधन झाले आणि उरलेले सर जॉन पीटर ग्रँट एकटेच सरकारशी झुंजत राहिले. न्यायालयाचा आदेश पाळला जात नसेल तर न्यायालय चालवण्यात अर्थ नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी १८२९ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाचे कामकाजच बंद केले. मुंबईच्या न्यायालयीन इतिहासात याइतका धीट प्रसंग मला दुसरा दिसत नाही. लंडनमधील प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च अपील संस्थेने, मात्र त्याच वर्षी ग्रँट यांच्याविरुद्ध निर्णय दिला: न्यायालयाच्या स्थानिक हद्दीबाहेर राहणाऱ्या आणि अन्य कारणाने त्याच्या अधिकाराखाली न येणाऱ्या माणसावर असा आदेश काढता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय सनदेच्या शब्दांना धरून असेलही, परंतु पुण्यातील मुलाच्या सुटकेचा प्रश्न हद्दीच्या रेषेवर अडून राहिला, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

१८६१ चा इंडियन हायकोर्ट्स ॲक्ट आणि त्याखालचे लेटर्स पेटंट, म्हणजे न्यायालयाला अधिकार देणारी राजसनद, यांनी ही दोन्ही न्यायालये मोडून एक उच्च न्यायालय घडवले. १४ ऑगस्ट १८६२ रोजी त्याचे काम सुरू झाले. सर मॅथ्यू सॉस हे पहिले मुख्य न्यायमूर्ती होते आणि पंधरापर्यंत न्यायाधीश नेमण्याची मुभा असताना आरंभी सातच होते. मात्र विलीनीकरण करताना जुने अधिकार पुसले गेले नाहीत. सुप्रीम कोर्टाचा शहरातील दावे थेट ऐकण्याचा अधिकार नव्या न्यायालयाच्या मूळ शाखेकडे, म्हणजे आजच्या ‘ओरिजिनल साइड’कडे आला आणि सदर अदालतीचा बाहेरच्या जिल्ह्यांची अपिले ऐकण्याचा अधिकार अपील शाखेकडे गेला. मुंबईकराला थेट उच्च न्यायालयात जाता येते आणि पुणेकराला येत नाही, याचे कारण हेच. मुंबईला कोणी नव्याने सवलत दिलेली नाही. बेट आणि मुलूख यांच्यातील जुनी रेषा एका छपराखाली तशीच राहिली, एवढेच.

मूळ शाखेच्या दिवाणी अधिकाराचा आधार आजही १८६५ च्या लेटर्स पेटंटचे बारावे कलम आहे. वादातील जमीन शहराच्या हद्दीत असेल, किंवा दाव्याचे कारण तेथे घडले असेल, किंवा प्रतिवादी तेथे राहत अथवा धंदा करत असेल, तर दावा चालतो. कारणाचा काही भागच हद्दीत घडला असेल, तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ही हद्द मुळात बेटापुरती होती आणि उपनगरे शहरात आल्यावर ती बृहन्मुंबईपर्यंत वाढली. १९४८ च्या कायद्याने मुंबईत नगर दिवाणी न्यायालय स्थापन झाले आणि लहान दावे तिकडे गेले. ही रकमेची मर्यादा काळानुसार वाढत गेली. २०१२ मध्ये ती एक कोटी रुपये झाली आणि २०२४ पासून दहा कोटी रुपये आहे. त्यामुळे आज मुंबईतील बहुतांश सामान्य माणसांचे दावेही आधी नगर दिवाणी न्यायालयातच जातात, हे आपल्या प्रश्नाच्या संदर्भात लक्षात घ्यावे. याखेरीज मृत्युपत्रांची प्रकरणे, जहाज अडकवून ठेवण्याचे सागरी दावे आणि पारशी विवाहांचे खटले मूळ शाखेत चालतात. ज्यूरीची पद्धत देशातून गेली असली, तरी या शेवटच्या प्रकारात समाजाचे प्रतिनिधी अजूनही न्यायमूर्तींबरोबर बसतात.

शहरातील गंभीर फौजदारी खटलेही एके काळी उच्च न्यायालयातच पहिल्यांदा चालत. पुण्यात छापल्या जाणाऱ्या ‘केसरी’तील लेखांवरून लोकमान्य टिळकांवर १९०८ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला तो याच इमारतीत, न्यायमूर्ती दिनशा दावर आणि विशेष ज्यूरी यांच्यापुढे. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. याच दावरांनी १८९७ च्या खटल्याच्या वेळी टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून अर्ज केला होता. ज्या दालनात हे घडले त्याच्या बाहेर टिळकांचे उद्गार कोरलेली शिला आहे आणि मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५६ मध्ये तिचे अनावरण केले. आता शहरासाठी सत्र न्यायालय आहे आणि उच्च न्यायालयाकडे फौजदारी बाबतीत मुख्यतः अपिले, जामीन आणि फाशीच्या शिक्षेची पुष्टी ही कामे असतात.

प्रादेशिक विस्ताराची गोष्ट वेगळी आहे. मुंबई इलाख्याबरोबर हे न्यायालय दूरवर पसरले होते. एडनची आणि एका काळात झांझिबारमधील ब्रिटिश न्यायालयाचीही अपिले येथे येत. १९५६ मध्ये बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारकडचा भाग म्हैसूर राज्यात गेला, तर विदर्भ आणि मराठवाडा मुंबईत आले. १ मे १९६० रोजी गुजरातला स्वतःचे उच्च न्यायालय मिळाले.

विदर्भ रिकाम्या हाताने आला नव्हता. नागपूरला ९ जानेवारी १९३६ पासून स्वतःचे पूर्ण उच्च न्यायालय होते. राज्यपुनर्रचनेत ते गेले, आणि त्याची जाणीव ठेवूनच १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात किमान तीन न्यायाधीशांनी नागपुरास बसावे अशी तरतूद जिल्ह्यांची नावे घेऊन करण्यात आली. म्हणून नागपूर खंडपीठ हे कोणा मुख्य न्यायमूर्तीच्या मर्जीवर अवलंबून नाही, ते संसदेच्या कायद्याने दिलेले आहे. मराठवाड्याला तशी तरतूद मिळाली नाही. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठ बसले ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशाने. त्याला आव्हान दिले गेले, सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये तो आदेश वैध ठरवला आणि पुढे १९८४ मध्ये ते कायम झाले. या खंडपीठाकडे मराठवाड्याबरोबर अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हेही आहेत, तर नाशिक मुंबईकडे राहिले. कोल्हापूरकरांनी कित्येक दशके चालवलेल्या मागणीला १८ ऑगस्ट २०२५ रोजी यश आले आणि तेथे सर्किट बेंच, म्हणजे फिरते पीठ, सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ही त्याची हद्द आहे. सावंतवाडीच्या शेतकऱ्याला एका तारखेसाठी रात्रभराचा प्रवास करून मुंबई गाठावी लागत होती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या निर्णयाचे मोल सांगावे लागणार नाही. माझ्या मते तो फार उशिरा झाला.

आता गोवा. तेथे पोर्तुगिजांचे वरिष्ठ न्यायालय सोळाव्या शतकापासून होते, म्हणजे मुंबईच्या कितीतरी आधीपासून. १९६१ च्या मुक्तीनंतर, डिसेंबर १९६३ मध्ये त्याच्या जागी न्यायिक आयुक्तांचे न्यायालय आले, कारण गोवा, दमण आणि दीव हा केंद्रशासित प्रदेश होता. संसदेने १९८१ मध्ये कायदा करून मुंबई उच्च न्यायालयाचा अधिकार या प्रदेशावर वाढवला आणि ३० ऑक्टोबर १९८२ रोजी पणजीला खंडपीठ सुरू झाले. १९८७ मध्ये गोवा राज्य झाले, पण घटनेच्या २३१व्या अनुच्छेदानुसार दोन किंवा अधिक राज्यांना मिळून एकच उच्च न्यायालय असू शकते, आणि ती व्यवस्था पुढे चालू राहिली. २०२१ पासून हे खंडपीठ पणजीजवळच्या पर्वरीतील नव्या इमारतीत आहे. दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेशही गुजरातला लागून असूनही याच न्यायालयाच्या अधिकाराखाली आहे.

गोवा मुंबईच्या अधिकाराखाली आला म्हणून तेथील कायदा बदलला नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण याबद्दल फार गैरसमज असतो. वारसा आणि पतिपत्नींची मालमत्ता यांसाठी गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले नियम लागू राहिले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पर्वरीत बसून त्यांचाच अर्थ लावतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तर असेही सांगितले की गोव्यात अधिवास असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरील मालमत्तेच्या वारशालाही तेच नियम लागतील.

मुंबईच्या मुख्य पीठाखेरीज चार ठिकाणी पीठे असली तरी न्यायालय एकच आहे. पर्वरीत दोन न्यायमूर्तींनी दिलेला निर्णय मुंबईतील एकल न्यायमूर्तींवर तितकाच बंधनकारक असतो, आणि मुख्य न्यायमूर्ती एखादे प्रकरण एका ठिकाणाहून दुसरीकडे नेऊ शकतात. रिट याचिकेबाबत, म्हणजे सरकारी कृतीविरुद्ध थेट उच्च न्यायालयात दाद मागण्याच्या अर्जाबाबत, १९६३ च्या घटनादुरुस्तीपासून आणखी एक सोय आहे: सरकारी कार्यालय दिल्लीत असले, तरी तक्रारीचे कारण पूर्णतः किंवा अंशतः या न्यायालयाच्या हद्दीत घडले असेल, तर २२६व्या अनुच्छेदाखाली येथे दाद मागता येते. मोरो रघुनाथाच्या वेळी असा अधिकार कोणत्याही न्यायालयापाशी नव्हता.

आपल्यापुरते सांगायचे तर पुण्यातील दावा पुण्याच्या दिवाणी न्यायालयात लागेल आणि त्याचे प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचले तर ते मुंबईला ऐकले जाईल, कारण पुणे जिल्हा अजून मुंबईच्या मुख्य पीठाकडेच आहे. गोव्यातील जमिनीचा वाद असेल, तर आपण पुण्यात राहत असलात तरी तो गोव्यातील दिवाणी न्यायालयात लावावा लागेल आणि उच्च न्यायालयातील अपील पर्वरीला चालेल. त्यासाठी गोव्याच्या वारसा कायद्याची माहिती असलेले तेथील वकील आधीच गाठावेत.