‘मम्मी बाजाराला गेलीय’

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पटावर 27 लेकरं, खोली एकच. दसरा झाला आणि गावातली बरीच जोडपी ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला गेली. त्यांतल्या एकांचा चार वर्षांचा मुलगा आजीजवळ राहिलाय. आधी गाण्यात सगळ्यांच्या पुढे असायचा, आता तोंड उघडत नाही. पंधरा दिवसांत तिघांना चावला. एका मुलीच्या दंडावर वण उठला, तर तिचे वडील ‘त्याला वर्गात घेऊ नका’ असं सांगून गेले. चड्डीत लघवी करतो. दिवसभर माझा पदर धरून असतो, आणि रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला की दाराकडे पळतो. आजी म्हणते, ‘मम्मी बाजाराला गेलीय, सांच्याला येईल असं सांगते, नाहीतर रडून जीव देतं लेकरू.’ मी काय करू? याला डॉक्टर लागेल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं ट्रॅक्टरचं वाक्य मी तीनदा वाचलं. त्या मुलाला ठाऊक आहे. मम्मी कशात बसून गेली हे त्याला आवाजावरून कळतं, आणि घरातलं सर्वांत जवळचं माणूस त्याला बाजार सांगतंय. ‘सांच्याला येईल’ म्हटलं की तो वाट बघणार, आणि रोज अंधार पडला की त्याची आई पुन्हा एकदा जाणार. आजीवर रागावू नका. तिच्याकडे तेवढाच उपाय आहे.

मी हेच केलेलं आहे. बालवाडीत नवी असताना एका मुलीला खेळण्यांत गुंतवून तिच्या आईला मागच्या दारानं जायला सांगितलं. त्या दिवशी रडणं वाचलं. पण नंतर कितीतरी आठवडे ती मुलगी दाराकडे तोंड केल्याशिवाय बसेना. पाठ वळली की माणूस नाहीसं होतं, हे मीच तिला शिकवलं होतं. तेव्हापासून एकाही मुलाच्या नकळत मी कुणाला जाऊ दिलं नाही, मग कितीही आकांत होवो.

म्हणून पहिलं काम खरं सांगण्याचं. आजीच्या अंगणात जाऊन, तिच्या देखत सांगा. 1945 साली बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी हेच केलं होतं. वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. तुम्हीही एका संध्याकाळी अर्धा तास त्याचं अंगण गाठा. त्याच्या उंचीला खाली बसा आणि म्हणा, ‘मम्मी-पप्पा ऊस तोडायला गेलेत. कारखाना लांब आहे. आज येणार नाहीत, उद्याही नाहीत. पण येणार आहेत. तोवर आजी आहे, मी आहे.’ तो रडेल. रडू द्या, जवळ घ्या, गप्प करू नका. हे एकदा सांगून भागत नाही. त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

चार वर्षांच्या मुलाला ‘पाडव्याला’ किंवा ‘पाच महिन्यांनी’ म्हणजे काय ते कळत नाही. आणि तारखेचा शब्द तुम्ही देऊही नका, फडात ऊस उभा असेपर्यंत मुकादम टोळी सोडत नाही. अंगणवाडीजवळ कडुलिंबाचं झाड असेल तर त्याला ते दाखवा. आता थंडी पडेल, मग पानं गळतील, मग कोवळी पालवी, मग फुलं. फुलांच्या सुमाराला येतील. रोज येता-जाता दोघांनी त्या झाडाकडे एकदा बघायचं.

फोनचंही ठरवून घ्या. त्या जोडप्याचा दिवस पहाटे सुरू होतो, गाडी भरायला रात्रही होते, शिवाय फडात रेंज नसते. रोजचं नको, पण आठवड्यातला एखादा दिवस पक्का करा. शिवाय आईला तिच्या आवाजात एक गाणं किंवा नुसती हाक पाठवायला सांगा. ती मदतनीसताईंच्या फोनवर ठेवा. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा असेल तर त्याला जवळ बाळगू द्या, ‘मळका आहे’ म्हणून धुऊ नका.

आता चावणं. चावला की आधी ज्याला लागलंय त्या मुलाला जवळ घ्या. मग चावणाऱ्याचा हात धरून एवढंच म्हणा, ‘दुखतं. चावू देणार नाही.’ त्याला उलट चावून दाखवणं नको, पोलिसाची भीती नको, आणि ‘मम्मीला सांगीन, मग ती येणारच नाही’ हे तर चुकूनही नको. गावात थट्टेनं ‘तुझी माय तुला टाकून गेली रे’ म्हणणारी मोठी माणसं असतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा. मला या थट्टेची चीड येते. दुसरं म्हणजे, तो कधी चावतो ते चार दिवस वहीत टिपा. माझा अंदाज असा की मुलांची सोडायची वेळ, किंवा दुसऱ्या कुणाची आई दारात आली ती वेळ. त्या दहा मिनिटांत त्याला काम द्या : ताटल्या मोजणं, चटया गुंडाळणं, मदतनीसताईंबरोबर पाणी भरणं.

ओल्या चड्डीचा बोभाटा नको. एक कोरडी चड्डी कपाटात ठेवा, बदला, विषय संपला. सुटलेली सवय दुःखात परत येते, तो मुद्दाम करत नाही. भातुकलीच्या वेळी एक लाकडी ठोकळा ट्रॅक्टर म्हणून ठेवून बघा. तो माणसं भरून ट्रॅक्टर पाठवील, परत आणील, पुन्हा पाठवील. वीसदा केलं तरी मोडता घालू नका. त्या खेळात ट्रॅक्टर त्याच्या हातात असतो.

त्या मुलीच्या वडिलांना नीट सांगा की तिची काळजी तुम्ही घेताय. पण मुलाला काढू नका. आई गेली, त्यात वर्गही गेला तर त्याच्याजवळ काय उरलं?

डॉक्टरचं विचारलंत. लगेच नाही. पण पोषण ट्रॅकर ॲपमध्ये दर महिन्याचं वजन घालता, ते घसरतंय का पाहा. खरं सांगून, जवळ घेऊनही काही आठवडे तो जेवला नाही, खेळला नाही, बोलणं परत आलं नाही, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. ते वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. तोवर थांबावंसं वाटलं नाही तर पर्यवेक्षिकाताईंमार्फत जिल्हा रुग्णालय गाठा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे. 27 मुलांत एकाला कडेवर घेऊन रजिस्टरं भरणाऱ्या बाईचाही जीव थकतो.

आणि लिंबाला फुलं लागली की त्याच्या आईला आधीच फोन करून ठेवा. ती धावत येईल आणि तो कदाचित तुमच्या नाहीतर आजीच्या मागे लपेल, तिच्याकडे बघणारही नाही. ‘विसरला मला’ असं तिला वाटेल. तिला सांगा, ओढू नको, भांडी-बोचकी नंतर उतरव, आधी अंगणात खाली बस.