'माझे गणितच कच्चे आहे': डीएसपीची धास्ती घेतलेली एक विद्यार्थिनी

इलेक्ट्रॉनिक्स शाखेतील विद्यार्थी समुपदेशनासाठी येतात तेव्हा तक्रारीची सुरुवात बऱ्याचदा डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे डीएसपी (आवाजासारखे सिग्नल आकड्यांत मांडून त्यांवर प्रक्रिया करणे), या विषयाच्या नावाने होते. तिसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) पहिल्याच भेटीत सांगितले, "सर, उदाहरणे सुटतात, उत्तरही येते, पण आपण काय केले असे कुणी विचारले तर सांगता येत नाही. माझे गणितच कच्चे आहे, मी ही शाखा घ्यायलाच नको होती." चाचणीत ती नापास झाली होती आणि त्यानंतर तिने त्या तासाला बसणे सोडले होते. इतर विषय मात्र बरे चालले होते, जेवणखाण आणि मैत्रिणींमध्ये मिसळणेही नेहमीसारखेच होते. त्यामुळे भीती एकाच विषयापुरती आहे, असा माझा अंदाज झाला.

अशा वेळी 'धीर धर, जमेल' म्हणणे सोपे असते, पण त्याने फारसे काही साधत नाही. मी स्वतः याच शाखेचा पदवीधर असल्याने तिला वही आणायला सांगितली. झेड-ट्रान्सफॉर्मचे (आकड्यांची मालिका बीजगणिती सूत्रात मांडण्याच्या पद्धतीचे) आंशिक अपूर्णांक तिने इतके बिनचूक सोडवले होते की गणित कच्चे असल्याचे तिचे निदान तिथेच खोटे ठरले. मात्र पूर्ण वहीत सिग्नलची एकही आकृती नव्हती. एका उदाहरणाखाली ०.९ चा एनवा घात हे उत्तर चौकटीत लिहिलेले होते. "यात एनच्या जागी ०, १, २, ३ घालून पाहिलेस का?" असे विचारल्यावर ती गोंधळली, कारण उत्तर आले की उदाहरण संपले, अशीच तिची सवय होती. तिने आकडे मांडले: १, ०.९, ०.८१, ०.७२९. मग ०.९ ऐवजी १.१ घेतले, तेव्हा १, १.१, १.२१, १.३३१ असे आले. क्षणभर थांबून ती म्हणाली, "म्हणजे पहिले विरत जाते आणि दुसरे फुगतच राहते." अशा सिस्टिमचा पोल (सूत्राचा छेद जिथे शून्य होतो ती किंमत, इथे ०.९ किंवा १.१) एकक वर्तुळाच्या, म्हणजे १ त्रिज्येच्या वर्तुळाच्या, आत असला तरच ती स्थिर, हा नियम तिला तोंडपाठ होता, तो कशाबद्दल आहे हे तिला त्या चार आकड्यांत दिसले.

पुढच्या भेटीत सॅम्पलिंग, म्हणजे लहरीचे ठरावीक अंतराने नमुने घेणे, हा भाग घेतला. सेकंदाला ८,००० नमुने घेतले तर १,००० हर्ट्‌झच्या आणि ७,००० हर्ट्‌झच्या कोसाइन लहरींचे नमुने कॅल्क्युलेटरवर काढ, एवढेच सांगितले. दोन्हीकडे १, ०.७०७, ०, -०.७०७ हेच आकडे आल्यावर, कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला असेल म्हणून तिने दोनदा तपासले. एलियासिंगची (वेगवेगळ्या लहरींचे नमुने सारखेच येण्याची) व्याख्या तिने चाचणीत शब्दशः लिहिली होती, तरी असे होऊ शकते यावर तिचा विश्वास बसत नव्हता. असा अविश्वास मला पाठांतरापेक्षा आश्वासक वाटतो.

समुपदेशक म्हणून माझे खरे काम तास चुकवण्यावर होते. तास चुकवल्याने त्या दिवसापुरती सुटका होते, पण या विषयात पुढचा धडा मागच्यावर उभा असतो. सॅम्पलिंग हुकले की डीएफटी (सिग्नलमध्ये कोणत्या वारंवारता आहेत ते काढण्याचे गणित) अधांतरी राहते, आणि डीएफटी न कळता एफएफटीची (तेच गणित झटपट करण्याच्या पद्धतीची) फुलपाखरी आकृती म्हणजे निव्वळ रेघोट्या. १,०२४ बिंदूंच्या डीएफटीला सरळ पद्धतीने १०,४८,५७६ गुणाकार लागतात आणि एफएफटीने सुमारे ५,१२०, हे कळल्याशिवाय ती आकृती पाठ करण्यात कुणाला रस वाटावा? म्हणून आमच्यात ठरले की तासाला बसायचेच, कळले नाही तर 'मी नालायक' असे न लिहिता वहीच्या समासात नेमकी कोणती पायरी अडली ते लिहायचे, आणि त्या पायरीत छोटे आकडे घालून पाहायचे.

पुढच्या परीक्षेत ती मध्यम गुणांनी उत्तीर्ण झाली. फिल्टर डिझाइन तिला अजूनही कंटाळवाणे वाटते, आणि त्याबद्दल मी तिला दोष देणार नाही. हा उपाय सर्वांना लागू पडत नाही. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, सगळ्याच विषयांतून मन उडाले असेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे आवश्यक असते. तशा विद्यार्थ्याला मी पहिल्याच भेटीत तिकडे पाठवतो.