एक मीटर सुती आणि अर्धा मीटर खण: बाह्यांसकट टॉप होतो

ताई, तुम्ही लिहिलेत की निपाणीच्या टेलरने "एवढ्यात टॉप बसत नाही" म्हणून तुमचे एक मीटर सुती कापड परत दिले. ते त्याच्या नेहमीच्या बेतणीप्रमाणे बरोबरच आहे. गोल मुंढा (बाही जोडायची गोलाई), फिटिंगची बाही असे आधी ठरवून बसले तर 36 इंच पन्ह्याचे (रुंदीचे) एक मीटर कमीच पडणार. पण तुमच्याकडे ब्लाउजमधून उरलेला अर्धा मीटर खण आहे, छाती 36 आहे आणि घरात, बाजाराला घालायला सैल टॉप हवा आहे. मग कापड बघून टॉप बेता. सगळे तुकडे सरळ रेषेत कापा, चिंधीसुद्धा फारशी निघणार नाही.

आधी दोन्ही कापडे वेगवेगळी भिजवून वाळवा. ही पायरी टाळूच नका. सुती कापड मीटरमागे इंचभर सहज आटते, खण तेवढा आटेलच असे नाही, आणि शिवल्यावर धुतले की जोडापाशी चुण्या पडतात. खण ओल्या पांढऱ्या रुमालाने चोळून रंगही बघा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा सुती-रेशमी खण आणि हल्ली बेळगावच्या खडेबाजारात मिळणारा पॉलिस्टरचा खण दिसायला सारखेच. कडेचा एक धागा ओढून जाळा. सुताची राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. गोळी झाली तर इस्त्री अगदी मंद ठेवा.

आता बेतणी. आटून सुती कापड 38 बाय 35 इंच राहिले असे धरू. छाती 36, सैलपणा 4, म्हणजे घेर 40. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी 20, दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच माया (शिवणीत जाणारे कापड) धरून 21. पन्ह्यातून 21 इंच घ्या आणि लांबीचे दोन भाग करा, 19-19 चे. बाजूला 14 इंच रुंदीची लांब पट्टी उरते, तिच्यातून 10 इंच लांबीच्या दोन बाह्या काढा. खांदा खाली उतरत असल्यामुळे बाही जवळजवळ कोपरापर्यंत येते. उरलेल्या पट्टीतून 4 इंचांचे दोन चौकोन आणि गळ्याची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी.

ते चौकोन बगलेत जातात. जुन्या पैरणीच्या, कुडत्याच्या बगलेत असा तिरका बसवलेला चौकोन असायचाच. सरळ बाही त्याच्याशिवाय हात वर केला की ओढते आणि पहिली तिथेच उसवते. माझ्या मते या टॉपमधला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा हाच. तो बसवताना टीप कोपऱ्याच्या अर्धा इंच अलीकडे थांबवा, सुई कापडात ठेवून मशीनचा पाय उचला, कापड वळवा आणि पुढे जा. कोपऱ्याच्या बाहेर टीप गेली की चुणी पडते.

19 इंचांची लांबी कमी पडते, ती खणाच्या योकने (खांद्याकडच्या वरच्या पट्टीने) भरून काढू. योक 21 रुंद, 6 उंच, असे दोन. माया आणि खालची इंचभर दुमड जाऊन टॉप साडेबावीस इंचांचा होतो. 14 इंचांची बाही दुमडून, माया जाऊन, तिची खालची कड खांद्यापासून साडेसहा इंचांवर येते आणि योकचा जोड पाचावर येतो, म्हणजे बगलेच्या दीड इंच वर. तो बगलेतच आणू नका, तिथे आधीच शिवणींची गर्दी असते. खणाचा पन्हा लहान असतो. 21 इंच बसले नाहीत तर पाठीच्या योकला मधोमध जोड द्या आणि त्याचा वरचा साडेतीन इंच भाग उघडा ठेवून बटण-काज करा. डोके आत जायला नाहीतरी उघड लागतेच.

खण वरच घ्या, खाली नको. खण सुती कापडापेक्षा ताठ, खांद्यावर नीट बसतो. खाली लावला तर टॉप ओढला जातो. त्याच्या उलट्या बाजूला नक्षीचे धागे मोकळे असतात, कानातले, मंगळसूत्र त्यात अडकते, म्हणून योकला आतून जुन्या मऊ धोतराचे किंवा मलमलीचे अस्तर लावा. खणाच्या कडा फार सुटतात, माया इंटरलॉक करून घ्या. इंटरलॉक नसेल तर दुमडून दोनदा टीप मारा. जोडाची माया खाली वळवून वरून दाबटीप (माया दाबून बसवणारी टीप) द्या.

खांद्याला टोकाकडे पाऊण इंच उतार द्या. गळा मात्र खांदे जोडून झाल्यावरच कापा, रुंदी साडेसहा, पुढे साडेतीन, मागे एक इंच. आधी याहून अर्धा इंच लहान कापून अंगावर घालून बघा, मग वाढवा.

बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे किंवा घाटाजवळ राहणाऱ्या कुणी हे करत असाल तर अस्तर पातळच घ्या, पावसाळ्यात जाड योक दोन-दोन दिवस वाळत नाही. आणि ताई, दंडाचा घेर साडेबारा इंचांपेक्षा जास्त असेल तर कापण्याआधी इथे कळवा, बाहीला कळी (घेर वाढवणारा जादा तुकडा) कुठे जोडायची ते सांगते.